तारीला कुणी इचारलंय?

“शांताबाईंचं नाव रजिस्टरमधून कमी करायला पाहिजे, पाळकसाहेब,” चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणाले. “बारा वर्षं प्रभुभोजन घेतलेलं नाही. नियम आहे.”

नव्वदच्या दशकाची सुरुवात. कोल्हापूरच्या चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू म्हणून माझं पहिलंच वर्ष. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून घ्यायची भाकर आणि द्राक्षरस. शांताबाई आमच्या मुलींच्या होस्टेलमध्ये स्वयंपाक करायच्या. दर रविवारी यायच्या, पण भाकरीचं ताट फिरायला लागलं की उठून जायच्या.

मी मंगळवार पेठेत त्यांच्या घरी गेलो.

“मी लायक न्हाय,” त्या म्हणाल्या.

“लायक कुणीच नसतं, शांताबाई. देवानं माणसाला स्वतःसारखं घडवलं, तरी माणूस त्याच्याकडं पाठ फिरवतो. त्यालाच पाप म्हणायचं. क्षमा कमवावी लागत नाही, तो देतो.”

“ते ऐकलंय की प्रवचनात.”

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी होस्टेलचं दूध त्यांच्या हातून उघडं राहिलं होतं. नऊ मुली आजारी पडल्या. ठपका सोबत स्वयंपाक करणाऱ्या ताराबाईंवर आला, त्यांची नोकरी गेली. शांताबाईंचा नवरा नुकताच वारला होता. त्या गप्प राहिल्या.

“देवानं माफ केलं असंल. पर तारीला कुणी इचारलंय?”

सेमिनरीत, पाळक होण्याच्या शिक्षणात, हा प्रश्न कधी आला नव्हता. “चला, विचारू,” मी म्हणालो.

शनिवारी आम्ही एसटीनं हुपरीला गेलो. ताराबाई दारात बसून पैंजणाच्या कड्या जुळवत होत्या. शांताबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ताराबाईंचा चिमटा थांबला.

“ठावं हुतं मला. दुधाची पाळी तुझी हुती.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुझ्या पदरात पोरं हुती. माझ्या कोण हुतं? दोन वर्सं शिव्या घातल्या तुला. मग दमले. आन तू अजून उपाशी बसलीयास व्हय?”

शांताबाईंना रडू आवरेना. ताराबाईंनी आतून पिठलं-भाकरी आणली. दोघी एकाच ताटात जेवल्या. मला वेगळं वाढलं.

सोमवारी शांताबाईंनी होस्टेलच्या सुपरिंटेंडेंटना खरं सांगितलं. सुपरिंटेंडेंटनी ताराबाईंना होस्टेलतर्फे माफीचं पत्र पाठवलं. पुढच्या रविवारी शांताबाई उठून गेल्या नाहीत. ताट सेक्रेटरींच्याच हातात होतं.

त्यानंतर बाप्तिस्म्याच्या वर्गात पापाची व्याख्या सांगण्याआधी मी विचारायचो, “कुणाकडे जायचं राहिलंय का?” निम्मा वर्ग खाली बघायचा. मग व्याख्या मी पुढच्या आठवड्यावर ढकलायचो.