ब्रह्मदेव काकांच्या राज्यातलं मरण

घरात चाललं नाही ते राज्यात चालायचं नाही, असा ब्रह्मदेव काकांचा नियम होता. राज्य त्यांच्या कादंबरीतलं, सात डोंगरांपलीकडचं, उडत्या म्हशींचं. घर मात्र कसबा बावड्यातलं, आमच्या शेजारचं. अख्खी सृष्टी ते एकटेच रचत, म्हणून गल्लीनं त्यांना ब्रह्मदेव केलं आणि त्या सृष्टीतला प्रत्येक रिवाज आधी गल्लीलाच भोगावा लागला.

देवापुढं गाऱ्हाणं घालतात, ते उचलून त्यांनी राज्यात पाहुणचाराची रीत केली. दारात गेलं की हात आडवा. "पावणं, आदी गाऱ्हाणं, मग च्या." दूधवाल्यानं एकदा सासुरवाडीचं गाऱ्हाणं सुरू केलं, ते दूध नासलं तरी संपेना. पुढं राज्याचा कारभार देवाच्या कौलावर चालवायचं ठरलं. काकांनी देवाऐवजी मिक्सरलाच फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर वांगं, डावी पडली तर दोडका. काकूंनी मिक्सर सुरू केला, दोन्ही पाकळ्या उडाल्या आणि त्यांनी पिठलं केलं. "राज्यात बंड झालं!" काका खुशीत म्हणाले. कादंबरीत एक प्रकरण वाढलं.

हृदयाचा झटका येऊन गेला तेव्हा त्यांना घोर लागला, पण स्वतःचा नव्हे. "माझ्या राज्यात अजून कोण मेलंच न्हाय की! शेवट कसा करायचा?" त्यांनी मुलाणी चाचांना जनाज्याचं विचारलं, कांबळे मॅडमना त्यांच्या घरच्या बुद्धवंदनेचं, माझ्या आईला तेराव्याचं. सगळं ऐकून रीत ठरली. मेलेल्याचं कौतुक बंद. प्रत्येकानं त्याच्याजवळ बसून एकच खरी गोष्ट बोलायची, सगळ्यांत शेवटी त्याच्या कारभारणीनं, म्हणजे बायकोनं. ती बोलली की माणूस सुटला आणि कादंबरीही पुरी.

मग दर रविवारी काका सोप्यात शाल पांघरून मरू लागले. चाचा म्हणाले, "माझी शिडी न्हेलीसा, ती आणून दिली न्हाईसा." प्रेत ताडकन उठून बसलं. "मोडकीच हुती ती!"

"मेलेल्यानं बोलायचं न्हाय!" चाचा ओरडले.

काकूंची पाळी आली की त्या झाडू घेऊन येत. "उठा, केर काढायचाय." काका हिरमुसून उठत. एका वाक्यासाठी त्यांचं शेवटचं प्रकरण अडून राहिलं होतं. मला तर काकूंचा रागच यायचा.

गेल्या वर्षी काका खरंच गेले. माणसं जमली. कुणीतरी "देवमाणूस हो!" म्हणून गळा काढला.

"कौतुक बंद!" काकू कडाडल्या.

चाचांनी हुंदके देत शिडीचंच सांगितलं. मी म्हटलं, "काका, राज्यातली गाणी तुम्ही फार बेसूर म्हणायचा." एकेक जण बोलून बाजूला झाला. शेवटी काकू त्यांच्या उशाशी बसल्या.

"मी बोलले असते तर पुस्तक संपलं असतं," त्या हळू म्हणाल्या. "मग सकाळी कशासाठी उठला असतासा?"

त्यांनी शाल नीट केली. त्यानंतर आम्ही सगळे रडलो, कुठल्याच राज्याची रीत न बघता.