शेवटच्या लेव्हलचा माणूस
माझा भाऊ मंगळवारी वारला. त्याचं कपाट आवरताना लहानपणी उल्हासनगरहून आणलेली टीव्ही गेमची पिवळी कॅसेट हाती लागली आणि बेलवलीचा इस्त्रीवाला आठवला. त्या गेममधली परकी अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती, त्यामुळे शेवटच्या लेव्हलच्या खलनायकाचं नाव कधी कळलंच नाही. पण त्याचं नाक वाकडं आणि एकच भुवई पांढरी होती, इस्त्रीवाला हुबेहूब तसाच. कोळशाचा आणि ओल्या सुती कापडाचा वास येणाऱ्या त्या टपरीसमोर भाऊ माझा हात दाबायचा, “ताई, तोच आहे बघ.” मी म्हणायचे, “चल, काहीतरीच तुझं.” एकदा इस्त्रीवाल्याने ते ऐकलं. “काय रे, कोण वाटतो मी?” भाऊ चाचरत म्हणाला, “तुम्ही शेवटच्या लेव्हलला असता.” हातातली इस्त्री न थांबवता तो म्हणाला, “मग आधीच्या पार करून ये.” भाऊ घरापर्यंत धावत सुटला. “बघ ताई, तो ‘नाही’ म्हणाला नाही!” काल मी त्या टपरीवरून गेले. इस्त्रीवाला म्हातारा झालाय, त्याच्या दोन्ही भुवया पांढऱ्या झाल्यात. तो तोच आहे, असं म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे.