रेंज गेली म्हणून सांगितलं

माझी जाऊ क्रूझवर गेली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. उगाच कशाला खोटं बोलू? शेजारणींना मी "बरं झालं हो, दोघं जरा मोकळी होतील" असं सांगत होते, पण आत नुसता जळफळाट चालला होता.

धाकटे दीर आणि जाऊ मुंबईला असतात. मी थोरली, इथे गावात, वेंगुर्ल्याजवळ, सासूबाईंपाशी. नवरा सकाळी काजूच्या कारखान्यात जातो तो संध्याकाळी येतो. म्हणजे दिवसभर मी आणि सासूबाई. त्यांची नजर आता फार अधू झालीय. फोन अगदी नाकाशी धरला तर तेवढा चेहरा ओळखतात. आणि चेहरा कोणाचा बघायचा असतो, तर धाकट्या मुलाचा. दोन वर्षं तो गावी आलेला नाही. रजा नाही, रजा नाही, असं चाललेलं. क्रूझसाठी मात्र बरी मिळाली रजा!

माझा बोटीचा प्रवास विचाराल तर माहेरी वालावलला खाडीतली होडी. लग्नानंतर कुणकेश्वराची जत्रा केली, ती एसटीने. तक्रार नाही हो. पण जावेने फोन करून "वहिनी, आम्ही लक्षद्वीपला चाललोय, बोटीने, अकरा मजल्यांची आहे" म्हटलं, तेव्हा मी "हो का, अय्या" म्हणाले आणि हातातली वाटी इतक्या जोरात आपटली की मांजर पळालं.

मनात म्हटलं, चला, चार दिवस समुद्रात म्हणजे चार दिवस हिचा फोन बंद. कसलं काय! बोटीवर म्हणे आपलं सिमकार्ड चालत नाही, किनारा सुटला की रेंज संपली. मग बोटीचं वायफाय विकत घ्यायचं, रोजचं वेगळं, तेही एकाच फोनवर. महाग असतं. ते घेतलं कोणाच्या फोनवर? हिच्या. दिरांना आईशी बोलायचं तर आधी बायकोकडे हात पसरायचा.

आणि इकडे आमची तऱ्हा बघा. घरात रेंज नाही. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात, तुळशीच्या डाव्या अंगाला दोन पावलं सरकून उभं राहिलं तर दोन काड्या येतात, वारा असला तर त्याही जातात. मी जमिनीवर, स्वतःच्या घरात, "हॅलो हॅलो" करून घसा बसवते, आणि ही भर समुद्रातून व्हिडिओ कॉल करते! देवाघरचा न्याय म्हणतात तो हाच असेल.

पहिल्या दिवशी पोहायच्या तलावाचे फोटो. चहूकडे समुद्र असताना बोटीवर वेगळा तलाव कशाला, ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ताटांचे. तिसऱ्या दिवशी खोलीचा. पलंगावर टॉवेलची घडी घालून हत्ती केलेला, खाली लिहिलं होतं, 'रोज नवीन प्राणी असतो!' माझ्या घरी टॉवेल माझ्याच खांद्यावर असतो आणि हत्तीही मीच असते, ओझी वाहायला.

हेही सोसलं असतं. पण रोज दुपारी ती सासूबाईंना फोन करायची. "आई, गोळी घेतलीत ना? पाय शेकलेत ना?" गोळी मी देते. पाय मी शेकते. ही उंटावरून शेळ्या हाकणार, आणि सासूबाई फोन ठेवल्यावर मलाच सांगणार, "बघ गो, येवढ्या दर्यात आसा, तरी माझी आठवण काढता!" मी चोवीस तास त्यांच्या डोळ्यांसमोर. माझी आठवण कोण कशाला काढील? त्या रात्री आमटीत मीठ जास्त पडलं ते चुकून पडलं नव्हतं.

आमच्या घरची एक रीत आहे. घरातलं माणूस समुद्रावरून गेलं की ते परतताना घरच्या वडीलधाऱ्याने किनाऱ्यावर उभं राहून समुद्राला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला साकडं सांगायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आणि ज्याच्यासाठी नारळ, त्याच्या तोंडून ते 'व्हय' यायला हवं. सासूबाईंनी ठरवलं की बोट परतताना आमच्या किनाऱ्यासमोरून जाईल तेव्हा नारळ द्यायचा आणि मुलाने फोनवरून व्हय म्हणायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचला. जावेने तेवढ्यासाठी त्या दिवसाचं नेट मुद्दाम घेऊन ठेवलं होतं.

सासूबाईंनी त्या दिवशी दुपारपासूनच नवीन लुगडं नेसून ठेवलं. "तो माका बघतलो मा? मगे?" एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हातात त्यांचा हात, पिशवीत नारळ, अशी मी त्यांना किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे रेंज चांगली असते. समुद्रावर दोन ट्रॉलर सोडले तर काही दिसत नव्हतं. बोट असेल कुठेतरी लांब.

पाचला फोन लागला. जाऊ, डोक्यावर ही एवढी टोपी. मागे दीर हात हलवत होते. मी फोन सासूबाईंच्या तोंडासमोर धरायला वाकले, तर जाऊ म्हणते, "वहिनी, जरा बाजूला व्हा ना. मध्ये तुम्हीच येताय."

मध्ये मी येतेय! वीस वर्षं ह्या बाईंचं सगळं मी करते आणि मध्ये मी येतेय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगठा कसा सरकला म्हणू नका. मला पक्कं ठाऊक होतं तो कुठे सरकतोय. मी नेट बंद केलं. दिरांचा हात वर उचललेला तसाच थिजला, मग पडदा काळा झाला.

"खंय गेलो गो?" सासूबाई फोनला नाक लावून शोधत होत्या. "आताच होतो मा?"

"रेंज गेली," मी म्हटलं.

त्यांनी हातातला नारळ मांडीवर ठेवला. त्यांची हनुवटी थरथरायला लागली. मला वाटलं होतं त्या चिडतील, जावेच्या नावाने दोन शब्द काढतील. रडतील असं वाटलं नव्हतं. मी घाबरले आणि एकावर दुसरं खोटं रचलं. "दिसणा नाय फक्त, आई. आवाज जाता थंय. तो आयकता, तुम्ही बोला. तुमका तेचा ऐकूक येवचा नाय."

"आयकता?"

"व्हय."

त्या उठल्या. मी त्यांना पाण्यापर्यंत नेलं. एका हाताने त्यांना धरलं, दुसऱ्या हाताने तो मेलेला फोन त्यांच्या तोंडाशी. त्यांनी आवाज लावला, पूर्वी देवळात लावायच्या तसा.

"बा समुद्रा म्हाराजा! आज तुझ्या काठार येवन नारळ देतंय, तो मान्य करून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. दुसरं होतं कोण?

"माझो झील आणि सून तुझ्या पाण्यातसून येतत, तेंका सुखरूप घराक पावय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"आणि ही माझी थोरली सून. वीस वर्सां ह्या घराक बांदलेली आसा. खंय म्हणान गेली नाय, माका व्हया म्हणान मागल्यान नाय. गेले चार दिस ते फोटो बघून तिचा त्वांड उतारलाहा. माझे डोळे गेले, पण तितक्या माका समाजता, म्हाराजा. तिकाय एकदा त्या बोटीर बसाक मिळू दे!"

माझा फोन धरलेला हात खाली आला.

"आगो, व्हय म्हण!" त्यांनी मला कोपराने ढोसलं. "तुझ्यासाठी बोलतंय मा?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

त्यांनी नारळ पाण्यात सोडला आणि फोनकडे वळल्या. "आयकलंस मा रे? पुढल्या खेपेक वहिनीक घेवन जायचा. माझी काळजी नको, चार दिस शेजारीण जेवाक घालीत. ह्या मी एकदाच सांगतंय. परत सांगूचंय नाय."

घरी येऊन मी नेट चालू केलं. जावेचे चार कॉल आणि एक मेसेज. 'वहिनी, आमच्या बोटीचंच नेट गेलं बहुतेक. आईंना सॉरी सांगा, ह्यांना फार वाईट वाटतंय.' मी लिहिलं, 'हो, तुमचंच गेलं. असू दे.' एवढं लिहायला मला जराही वेळ लागला नाही.

दोन दिवसांनी दिरांचा मुंबईहून फोन आला. मी सासूबाईंना खळ्यात आणून बसवलं. दीर सर्दीचं बोलले, ऑफिसचं बोलले. सासूबाई नुसत्या ऐकत होत्या. "आणि काय?" असं दोनदा विचारलं. ते म्हणाले, "आणि काही नाही आई." त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"इषयच काढूक नाय तेना," त्या म्हणाल्या. "समुद्रासमोर सांगितलंय मी. बायलेक भियाता दुसरा काय!"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सांगायचं काय? की तुमच्या मुलाने काही ऐकलंच नाही, फोन मीच बंद केला होता, तुम्हाला त्याचा चेहरा नीट दिसायच्या आत? मी म्हटलं, "व्हय, आई. भियातत ते तिका."

पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही. मग सासूबाईंनी विचारणंच सोडलं. आता रविवारी दिरांचं नाव फोनवर आलं की त्या हात हलवतात, "सांग तेका, आये निजली." लख्ख जाग्या असतात, माझ्या शेजारी बसलेल्या असतात. मी फोनवर सांगते, आई झोपल्यात. गेल्या वेळी दिरांनी विचारलं, "वहिनी, रागावलीय का ती माझ्यावर? माझं काही चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "वयच झालंय आता त्यांचं."

फोन ठेवला तर सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "झील काय नि धाकटी काय, सगळी सारकी," त्या म्हणाल्या. "तूच गो एक माझी." वीस वर्षं हेच ऐकायला मी तडफडत होते. मी हात सोडवून घेतला आणि चुलीवर काही ठेवलेलं नसताना आत निघून गेले.