हात धुवायचं पाणी
कडुलिंबाला मोहर आला की मला अजून सुकडीचा, त्या गोडसर सरकारी पिठाचा, वास येतो. दुष्काळात सोनारीच्या वाटेवरच्या माळावर बाग करायचं काम निघालं होतं. मी नवी सून, सासूबाईंबरोबर खड्डे खणायला जायची. लिंबाची रोपं लावून झाली, पण टँकरचं पाणी फक्त पिण्यापुरतं, आणि रोपं जळाली तर काम बंद, असं मुकादमानं बजावलेलं. दुपारी सुकडी खाल्ली की आम्ही बाया आपापल्या रोपाच्या आळ्यात हात धुवायचो, चूळही तिथंच टाकायचो. एकदा काम बघायला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं. "पिण्याचं पाणी झाडाला घालता व्हय?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "न्हाय साहेब, आमी हात धुतोय." साहेब ओल्या आळ्याकडं बघून पुढच्या रोपाकडं गेले. परवा त्याच बागेत नातीबरोबर डबा खाल्ला आणि सवयीनं लिंबाच्या बुडाशी हात धुतले. वॉचमन म्हणाला, "आजी, इथं हात धुऊ नका." मी म्हणाले, "हात कुठं धुतीय बाळा, झाडाला पाणी घालतीय."