दहशतवादाशी काही संबंध, लव्ह?

‘टॅक्सच्या ऑफिसात कसले आलेत किस्से?’ असं पुण्याची माझी बहीण म्हणते. अगं, जिथे माणसांना कायद्यानं खरं बोलावं लागतं तिथे किस्से नाही होणार तर कुठे होणार? दोन हजारच्या दशकात मी लीड्सच्या ज्या अकाउंटन्सी फर्ममध्ये होते, तिथे फाइलींपेक्षा किस्सेच जास्त साठले. फाइली निदान काही वर्षांनी श्रेडरमध्ये टाकता येतात. किस्से कुठे टाकणार!

फर्म म्हणजे तरी काय, कपडे धुवायच्या एका लॉन्ड्रेटच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. मालक जेफ, साठीचा, अस्सल यॉर्कशरचा. दुसरी मी, मेधा. जेफच्या तोंडात ‘मीडा’. आमचे निम्मे क्लायंट म्हणजे छोट्या छोट्या चॅरिटी. त्या वर्षांत कायदे कडक झाले होते. चॅरिटीच्या नावाखाली पैसा भलत्यांच्या हातात जात नाही ना, हे बघायचं काम आमच्या गळ्यात पडलं. जेफ सरळ माणूस. त्यानं ठरवलं, प्रत्येकाला समोर बसवून तोंडावर विचारायचं. आणि तो बायकांना, मग त्या कोणी का असेनात, ‘लव्ह’ म्हणायचा. यॉर्कशरमध्ये सगळे सगळ्यांनाच म्हणतात. वेगळा अर्थ काढू नका!

*

पहिला नंबर लागला मिसेस हार्डकासलचा. वय ऐंशीच्या पुढे. म्हाताऱ्या बायकांचं विणकाम मंडळ चालवायच्या.

जेफनं घसा खाकरला. ‘दहशतवादाशी काही संबंध, लव्ह?’

‘नाही बाई.’

‘कुठल्या सशस्त्र गटाला मदत करता? वस्तू वगैरे?’

बाई विचारात पडल्या. खोटं बोलायची सवय नाही. ‘दर ख्रिसमसला पायमोजे पाठवतो.’

जेफचं पेन थांबलं. ‘कोणाला?’

‘आर्मीला.’

‘कुठल्या आर्मीला?’

‘आपल्याच, लव्ह!’ बाई म्हणाल्या. ‘तू कुठल्या बाजूचा आहेस?’

*

आमचं मराठी मंडळही जेफचं क्लायंट. ते मीच आणलेलं, त्यामुळे त्याची शिक्षाही मलाच! मंडळाचे खजिनदार सप्रेकाका. हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर, सचोटीला इतके पक्के की वेळ उरलेलं पार्किंगचं तिकीटसुद्धा दुसऱ्याला देणार नाहीत.

दिवाळीच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन. ‘मेधा, बँकेनं मंडळाचं खातं गोठवलंय गं! हॉलवाला म्हणतो, पैसे नाहीत तर हॉल नाही. जेवायला दीडशे माणसं येणार आहेत!’

चौकशी केली तेव्हा कळलं. काकांनी फटाक्यांच्या दुकानदाराला ऑनलाइन पैसे पाठवले होते आणि ‘कशासाठी’ या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं होतं: बॉम्ब.

‘काका, बॉम्ब कशाला लिहिलंत?’

‘मग काय लिहू? फुलबाज्या नव्हत्या त्या!’

बँकेतल्या बाईशी बोलायला मी काकांना ऑफिसातच बोलावलं. फोन स्पीकरवर टाकला. म्हटलं, मी बोलते. पण काका कसले थांबतायत!

‘सर, हे बॉम्ब नक्की कशासाठी होते?’ बाईनं विचारलं.

‘मुलांसाठी!’

पलीकडे कीबोर्डची टकटक सुरू झाली.

आपण कमी पडलो असं वाटून काका घाईघाईनं म्हणाले, ‘डोंट वरी, मॅडम. लहान मुलांना आम्ही लांबूनच पेटवायला देतो!’

शेवटी जेफनं फोन ओढून घेतला आणि ‘फायरवर्क्स’ हा एकच शब्द तीनदा उच्चारला. खातं सुटलं. दिवाळी झाली. काकांनी भाषणात बँकेचे आभारही मानले.

*

त्याच मंडळाची सेक्रेटरी काकांची नात अंजली. जन्म लीड्सचा, मराठी घरातलं. मन सोन्यासारखं, व्याकरण मात्र वाऱ्यावर. ट्रस्टींची नावं तपासायला आम्ही एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. नाव टाकायचं, टोपणनाव टाकायचं, ते संशयितांच्या यादीशी ताडून बघायचं. मी अंजलीला नावं मागितली. तिनं मनापासून पाठवली.

दुपारी जेफ माझ्या टेबलापाशी उभा. चेहरा पडलेला.

‘मीडा, तुमच्या मंडळात सात ट्रस्टी आहेत. सातही जणांना टोपणनावं आहेत. बापू. नाना. तात्या. एक बाबा. एक भाई! एवढी टोपणनावं मी फक्त गुंडांच्या टोळीत ऐकलीयत!’

सॉफ्टवेअरनं ‘बाबा’ आणि ‘भाई’ लाल केले होते. मी अंजलीला फोन लावला.

‘अगं, बाबा हे काय टोपणनाव आहे का?’

‘पण सगळे त्याला बाबाच म्हणतात ना! मी, माझा आई, आजी पण!’ अंजली रडकुंडीला आली. ‘मेधामावशी, ही खूप मोठी प्रॉब्लेम आहे का?’

मी तिला समजावलं. मग जेफला समजावलं की आमच्याकडे माणसाला खऱ्या नावानं फक्त पासपोर्ट ओळखतो. त्यानं यादी पुन्हा वरपासून वाचली. मग म्हणाला, ‘मला काय म्हणाल?’

‘जेफभाऊ.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘लाल होईल.’

*

कोपऱ्यावरच्या खाटकाचं नाव क्लेग. आमचाच क्लायंट. इथल्या कॉलेजांत एक आठवडा असा असतो की मुलं चित्रविचित्र कपडे घालून चॅरिटीसाठी पैसे गोळा करतात. एका वर्षी समुद्री चाच्यांच्या वेशातल्या पोरांनी क्लेगला भर दुकानातून उचललं, कॉलेजच्या बारमध्ये नेऊन बसवलं आणि बायकोला फोन केला: शंभर पाउंड द्या, नवरा घेऊन जा.

मिसेस क्लेगनी शांतपणे सांगितलं, ‘शनिवार आहे. दुकानात गर्दी आहे. सोमवारी बघू.’

पोरंच घाबरली! क्लेग मात्र खुशीत, बिअर फुकट होती. संध्याकाळी बाईंनी घासाघीस करून चाळीसला सोडवला, आणि सोमवारी आमच्याकडे हजर.

‘हा धंद्याचा खर्च धरता येईल?’

‘नाही,’ जेफ म्हणाला. ‘धमकावून घेतलेली खंडणी खर्चात धरता येत नाही. कायदा आहे.’

‘मग दान धरा. चॅरिटीलाच गेले ना?’

आता मी पुढे सरसावले. दानावर चॅरिटीला सरकारकडून टॅक्स परत मिळतो, पण अट अशी की दात्याला बदल्यात फारसा फायदा होता कामा नये.

‘तुम्हाला बदल्यात नवरा परत मिळाला,’ मी म्हटलं. ‘तो बेनिफिट झाला ना?’

मिसेस क्लेगनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. ‘तू त्याच्याबरोबर राहिली नाहीस, लव्ह!’

*

एकदा मात्र हा विषय खरोखरच आमचा जिना चढून आला.

ॲलन पाण्याचे पंप बसवणारा इंजिनिअर. कंत्राटावर परदेशात जायचा. त्या वर्षी शरद ऋतूत तिथल्या एका हत्यारबंद टोळीनं त्याला गाडीतून उतरवून नेलं. बायको जोन आमच्याकडे आली ती फेब्रुवारीत. कोट न काढताच खुर्चीत बसली.

‘त्याचं टॅक्स रिटर्न राहिलंय, जानेवारीअखेर द्यायचं होतं,’ ती म्हणाली. ‘दंडाचं पत्र आलंय. त्याच्या जागी मला सही करता येत नाही. तो आला की ओरडेल.’

‘तो आला की’ हे तिनं असं म्हटलं, जणू तो दुकानात गेलाय. जेफनं सरळ टॅक्सवाल्यांना फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगा होता.

‘उशिराचं कारण?’

‘ओलीस आहे.’

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग हळूच म्हणाला, ‘सर, माझ्या यादीत आग आहे, पूर आहे, आजार आहे, मृत्यू आहे. ओलीस नाही. मी... प्रवासात उशीर, असं लिहू का?’

जेफ रागानं लालबुंद झाला. पण जोन म्हणाली, ‘लिहू दे. तेच झालंय.’

दंड माफ झाला. त्यानंतर जोन दर आठवड्याला यायची, काही काम नसताना. आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. खालची येणारीजाणारी माणसं बघत राहायचो.

वसंतात ॲलन सुटला. महिन्याभरानं दोघं ऑफिसात आले. तो अर्धा झाला होता. मी चहा केला. जेफला राहवेना. ‘फार त्रास दिला का रे त्यांनी?’

‘सुरुवातीला,’ ॲलन म्हणाला. ‘मग एकदा थंडीवरून मी अंदाज केला, जानेवारी संपत आला असणार. माझं रिटर्न! मी स्वतःशीच पुटपुटत होतो. पहाऱ्यावरच्या एकाला थोडं इंग्रजी यायचं. त्यानं विचारलं, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, तुमचं सरकार किती घेतं? तेही सांगितलं. त्यानं ते बाकीच्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. एकानं हळहळून मान हलवली. आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या चहात साखर यायला लागली.’

जेफ टेबलावर हात आपटून हसायला लागला. मीही हसले. ॲलनसुद्धा.

जोन हसली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

‘ॲलन,’ ती म्हणाली, ‘तू चहात साखर घेत नाहीस.’

ॲलननं कप माझ्याकडे सरकवला.

‘दोन चमचे, लव्ह.’