वाळवीच्या तावडीतून वाचलेली एकशे बारा

वेणक्का पंच्याहत्तर वर्षं जगल्या. त्यांतली जवळपास चाळीस गेली बंगळूरच्या शिवाजीनगराजवळ, कॅथलिक सिस्टरांनी चालवलेल्या मुलींच्या शाळेत, लायब्ररीच्या त्या एका लांबट खोलीत.

मूळ नाव कृष्णवेणी, माहेर होसकोट्याचं. नवरा लवकर गेला तशा त्या धाकट्या भावाकडे, विद्याधरकडे, राहायला आल्या. त्याचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. शाळेची फाटकी पुस्तकं तिथं येत आणि वेणक्का ती शिवता शिवता वाचूनही काढत. एकदा शाळेतल्या एक सिस्टर म्हणाल्या, पुस्तकं इथं पाठवण्यापेक्षा या बाईच शाळेत येतील का? त्या गेल्या, आणि तिथल्याच झाल्या. सकाळच्या प्रार्थनेला दाराशी हात जोडून उभ्या राहत. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

शाळेचा नियम कडक होता. पुस्तक लायब्ररीच्या तासाला घ्यायचं, तिथंच वाचायचं, घरी न्यायचं नाही. मुख्याध्यापिका सिस्टर यूलालिया मंगळूरच्या. घरी नेलं की पुस्तकाला तेलाचे डाग पडतात, असं त्यांचं म्हणणं. वेणक्कांना ते पटत नसे. गोष्ट रंगात यायला लागली की घंटा व्हायची आणि मुलींचे चेहरे उतरायचे. म्हणून त्या गुपचूप पुस्तकं देत आणि एका वहीत मोडीत नोंद ठेवत. मोडी त्यांना वडिलांनी शिकवली होती. शाळेत दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती.

१९५३च्या उन्हाळी सुटीआधी त्यांनी हात जरा सैलच सोडला. दोन महिने मुलींनी करायचं काय?

जूनमध्ये कपाटं उघडली. पुस्तकं बाहेरून धड दिसत होती, पण हात लावला की पुठ्ठ्याच्या आत नुसती माती. भिंतीतून वाळवी शिरली होती. स्वतः शिवलेलं एकेक पुस्तक वेणक्का उघडून पाहत गेल्या.

"काय उरलंय त्याची यादी करा," सिस्टर म्हणाल्या. "बाकीचं जाळून टाकू."

घरी विद्याधरनं सल्ला दिला, "अक्का, तू गप्प राहा. बाहेर गेलेलीही वाळवीच्या नावावर खपून जातील."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधीच वेणक्कांनी वही सिस्टरांच्या टेबलावर ठेवली.

"एकशे बारा पुस्तकं शाबूत आहेत, सिस्टर. मुलींच्या घरी. मीच दिलीत."

सिस्टरांनी वही सुलटी धरली, उलटी धरली. "हे काय लिहिलंय?"

"मोडी."

"वाचा."

वेणक्का उभ्यानंच वाचू लागल्या. मुलीचं नाव, गल्ली, पुस्तक. एका नावाशी सिस्टरांनी थांबवलं. "स्टेला? तिला वर्गात धड वाचता येत नाही."

"तिनं तीन नेलीत. संध्याकाळी आईला वाचून दाखवते म्हणाली."

सिस्टरांनी वही हातात घेऊन मिटली. मग म्हणाल्या, "मला विचारलं नाहीत तुम्ही."

"तुम्ही नको म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं." बाहेर शाळेच्या आया टोपल्या भरभरून माती नेत होत्या. सिस्टर तिकडे पाहत राहिल्या. "दर शनिवारी पुस्तकं घरी देत चला. आणि वही मला वाचता येईल अशी लिहा."

"कानडीत चालेल?"

"सरी, चालेल."

आठवड्याभरात एकशे नऊ परत आली. काहींवर हळदीचे डाग होते. वेणक्कांनी त्यांना नवी कव्हरं घातली आणि सिस्टरांनी डागांचा विषय काढला नाही. पुढे जुन्या विद्यार्थिनींनी आपापल्या घरची पुस्तकं आणून दिली, भिंतींपासून अंतर सोडून लोखंडी कपाटं उभी राहिली, आणि शनिवारी लायब्ररीच्या दारात रांग लागू लागली.

सत्तरीला नोकरी संपली, तरी वेणक्कांचा शनिवार चुकला नाही. १९६८च्या जानेवारीत, दोन दिवसांच्या तापानं त्या गेल्या, त्याच्या आदल्या शनिवारीही त्या तिथंच होत्या. तिसरीतली एक मुलगी हातात दोन पुस्तकं धरून, कुठलं न्यावं म्हणून घुटमळत होती.

"दोन्ही ने ग," वेणक्का म्हणाल्या.