चांगली जागा येईपर्यंत

दिगंबर गुरुजी गेल्याची बातमी मला अकोल्यात, छापखान्याच्या दारात उभा असताना कळली. आमच्या पिंपळगाव राजा या गावचे नथ्थूभाऊ सरकीच्या कामानं आले होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली तेव्हाच मला काहीतरी उमगलं. "वामन, गुरुजी गेले बाप्पा," ते म्हणाले. मग जरा थांबून, पहिल्यापेक्षाही जड आवाजात, "आन् पुस्तक मंधातच राह्यलं."

हे दुसरं वाक्य बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ते कळावं म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्या गावात मारुतीच्या ओसरीवर दुपारी पोथी वाचली जाते. शेतीची कामं मंदावली की बायामाणसं जमतात, पुढे चौरंगावर पोथी, मागे गुरुजी. तिथला एक नियम मी लहानपणापासून पाहत आलो. लढाईचा अध्याय लागला आणि कोणी पडला, तर त्या ओवीवर पोथी बांधायची नाही. पुढे वाचत जायचं. कुणाची भेट होते, कुणाला वर मिळतो, निदान सूर्य उगवतो... अशी चांगली जागा आली की तिथं खूण घालायची आणि मग उठायचं. मेलेल्या माणसावर पोथी बांधली तर घराला लागते, असं सगळे मानतात. गुरुजींची खूण म्हणजे बांबूची एक चोय, पातळ पट्टी होती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली.

गुरुजी शाळामास्तर, आणि आवाज असा की रणांगण वाचायला लागले की ओसरीबाहेरचे बैलसुद्धा कान टवकारतात, असं लोक म्हणत. पहिल्या महायुद्धात भरतीवाले गावोगाव सभा घेत फिरत होते, तेव्हा त्या सभांतही गुरुजींना वाचायला बसवत. शंखनाद, पताका, छातीवर झेललेले बाण. त्या आवाजानं गावातली जी पोरं भारावली, त्यांत त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही होता. तो इराकच्या आघाडीवर, बसऱ्याकडे गेला आणि परत आला. हातपाय शाबूत होते, पण माणूस गप्प झाला होता. एकदा ओसरीवर लढाईचा अध्याय चालू असताना तो मधेच उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दादा, तुह्या पोथीत वास कुठीच येत नाही." आणि निघून गेला. पुढे काही वर्षांनी तो तापानं वारला. कशाचा वास, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि गुरुजींनी कधी विचारलं नाही. न विचारल्याचं दुःख मात्र त्यांनी मला पुष्कळदा बोलून दाखवलं.

मी वाढलो तो पत्रकांवर. माझे वडील जिथं जातील तिथून चळवळीची पत्रकं आणत. मी अक्षरं ओळखायला शिकलो तीही 'उठा' आणि 'जागे व्हा' या शब्दांवर. दुसरी लढाई पेटली आणि पगडीवाल्या हसऱ्या शिपायाचं चित्र चावडीच्या भिंतीवर लागलं, तेव्हा मी संतापानं एक पत्रक लिहिलं. परक्याच्या लढाईत वऱ्हाडचं एकही पोर जाता कामा नये. रक्त सांडायचंच तर ते आपल्या मातीसाठी सांडू, त्या लाल रंगातूनच पहाट उगवेल, वगैरे. ते मी मोठ्या दिमाखात गुरुजींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"बेस लिहितं बे तू," ते म्हणाले. "पण भरतीवाल्याचं पत्रक अन् तुहं, दोन्हीत रक्त लालच आहे. वास कुठी आहे?"

"गुरुजी, त्यांची आणि माझी बाजू एक नाही!"

"बाजू नाही रे. मी नाकाची गोष्ट करून राह्यलो."

मी चिडलो. आजही चिडतो. बाजू ही क्षुल्लक गोष्ट नव्हे आणि कुणी तसं म्हणालं तर मी भांडायला तयार आहे. पण त्या दिवसापासून मला आपल्या कथा-कादंबऱ्यांतल्या लढाया वाचवेनात. आमच्या मासिकांतला वीर छातीत गोळी लागल्यावरही अर्धं पान बोलतो. त्याची बायको बातमी ऐकून कुंकू पुसण्याआधी मंद हसते. हे लिहिणाऱ्यांनी कधी साधं फोडलेलं गळू तरी पाहिलं आहे काय?

त्याच सुमारास गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आला. त्यात एक मराठीत आणलेली कादंबरी होती, युरोपातल्या कुणा शिपायाची. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं गायब. त्यामुळे ती मुळात कुणाची, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. गुरुजी ती घरी घेऊन गेले आणि त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या सांगण्याप्रमाणे दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते पुस्तक ओसरीवर, पोथीच्या चौरंगावर ठेवलं.

साहजिकच आरडाओरडा झाला. नथ्थूभाऊ म्हणाले, "मारुतीसमोर सायबाच्या मढ्याची कथा काऊन, गुरुजी?"

"मारुतीनं लढाई पाह्यली आहे नथ्थू. तो नाही भेत. तू भेत असशील तं घरी जाय."

कुणीच गेलं नाही. गुरुजी वाचू लागले, आणि मला धक्का बसला तो त्यांच्या आवाजाचा. तो गडगडाट नव्हताच. बाजारचा हिशेब सांगावा तसा सपाट आवाज. खंदकात गुडघाभर पाणी. मेलेल्यांना पुरायला जागा नाही म्हणून त्यांच्याच आडोशाला बसलेली माणसं. पोटात गोळी लागलेला एकजण आईला नव्हे, शिव्या देत देत गावातल्या कुत्र्याला हाका मारतो आणि तसाच मरतो. बऱ्याच वेळानं मागून एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, आता चांगली जागा पाहा अन् बांधा."

गुरुजींनी पान उलटलं. चांगली जागा नव्हती. आणखी एक पान. तिथंही नव्हती. उन्हं ओसरीवरून खाली उतरली, गुरं घरी यायची वेळ झाली, तरी नियम मोडून उठायला कुणी तयार नव्हतं आणि पुस्तक काही कुणाला सोडत नव्हतं. मग एक प्रसंग आला. एका शिपायाचे पाय पाण्यानं इतके सडले होते की पायमोजा कातडीला चिकटला होता. त्याच्याशी कधी न बोलणारा दुसरा शिपाई खाली बसतो, डब्यात पाणी कोमट करतो, आणि तो पायमोजा थोडा थोडा भिजवत, थोडा थोडा सोडवत राहतो.

"चिखल्या झाल्या त्याले," बायकांमधून काकू म्हणाल्या. पावसाळ्यात निंदण करणाऱ्या बायांना बोटांच्या बेचक्यांतली ती सड सांगावी लागत नाही. "तेल लावा म्हणा वरतून."

गुरुजींनी पानावर बोट फिरवलं. "तेलाचं लिह्यलं नाही."

"मंग तुम्ही घाला की पदरचं!"

सगळी ओसरी हसली. गुरुजीही हसले, पण म्हणाले, "त्याच्यापाशी नव्हतं, ते मी कुठून आणू?" आणि तिथं त्यांनी चोय घातली.

माझा चुलतभाऊ पंढरी त्या दिवशी खांबाला टेकून बसला होता. घरी चार बैलांची शेती, खाण्यापिण्याची ददात नाही. पण घोडे आणि तलवारी असलेल्या कादंबऱ्या वाचून त्याला वर्दीचं वेड लागलं होतं. माझं पत्रक त्यानं वाचून शांतपणे खिडकीच्या फटीत कोंबलं होतं. दुसऱ्या दिवशी तो खामगावला भरतीला जाणार, हे घरात ठरलं होतं आणि त्याची आई चुलीपाशी मुकाट रडत होती.

ओसरी रिकामी झाल्यावर तो गुरुजींपाशी आला. "त्या पायमोजावाल्याचं पुढं काय झालं?"

"उद्या वाचू."

"उद्या मी भरतीले जाऊन राह्यलो."

"मंग जाय. पुस्तक काही पळून नाही जात."

मला राहवलं नाही. पंढरी गेल्यावर मी गुरुजींवर अक्षरशः तुटून पडलो. एक शब्द बोलला असतात तर तो थांबला असता! गुरुजी चौरंग उचलता उचलता म्हणाले, "श्रीपतले माह्या आवाजानं धाडलं. आता याले माह्याच आवाजानं अडवू? दोन्हीत मीच की रे. पोरगं कुठी आहे त्याच्यात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पंढरी ओसरीवर हजर होता. पुढचं ऐकतो आणि परवा जातो, असं आईला सांगून आलेला. परवाही तो आला. वाचन रोज चांगल्या जागी, पण थोड्याशा उत्सुकतेवर थांबे आणि त्याचं खामगाव रोज एक दिवस लांबे. पुस्तक संपलं त्या दिवशी तो एकटाच शेताकडे गेला, आणि आल्यावर आईला एवढंच म्हणाला, "मी नाही जात. मलेच नाही जायचं." हे शेवटचं वाक्य माझ्या कुठल्याही पत्रकानं त्याच्याकडून वदवून घेतलं नसतं.

तरी मी गुरुजींशी भांडलोच. म्हटलं, ही चांगली जागा शोधणं म्हणजे पुन्हा गोडवाच नाही का? मढ्यावर फुलं टाकणंच हे. त्यांनी हातातली चोय बोटांत फिरवली. मग म्हणाले, "मेल्या माणसापाशी ऐकणाऱ्याले एकटं सोडून आपण उठायचं नाही, एवढंच आहे ते. चांगली जागा म्हणजे आनंदाची नाही बे. कोणी कोणासाठी काही करते, ती जागा. पुस्तकात नसली तं नको. पण असली, तं तिथलोक नेलं पाह्यजे." मी यावर अजून विचार करतो आहे.

त्यानंतर दरवर्षी एकदा ते पुस्तक ओसरीवर वाचलं जाई. यंदा, लढाई थांबल्यावरही, गुरुजींनी ते काढलं. "आता जास्त वाचलं पाह्यजे. आता लोक विसरतीन," म्हणाले. तो पायमोजा सोडवणारा शिपाई मरतो, ते पान चालू होतं. वाचता वाचता त्यांनी छातीवर हात ठेवला, चोय पानात घातली, पाणी मागितलं. त्यांना घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मी गावी पोचलो तेव्हा जो तो हेच बोलत होता. मेल्या माणसावर पुस्तक बांधलं, म्हणून झालं. काकूंनाही तेच वाटत होतं. त्या मला म्हणाल्या, "ते पुस्तक नदीत सोड बाबा. माह्यानं पाहवत नाही." माझ्या जिभेवर अंधश्रद्धेवरचं सबंध व्याख्यान तयार होतं. पंढरीनं माझा हात दाबला. "काकू," तो म्हणाला, "सोडू. पण मंधातच काऊन सोडायचं? तेरवी झाली की तुम्ही ओसरीवर या."

तेरवी झाली. दुपारी पंढरी चौरंगामागे बसला. आवाज गुरुजींसारखा नाही, अडखळतो, जोडाक्षरांना ठेचा खातो. त्यानं चोय काढली आणि तिथूनच वाचायला लागला. शिपाई मेला. त्याला पुरलंही नीट नाही. पावसानं माती धुऊन नेली. काकू खांबापाशी पदर तोंडात धरून बसल्या होत्या, आणि मला वाटत होतं आता त्या उठतील, आता उठतील... त्या उठल्या नाहीत. पंढरी वाचत राहिला. पुढे खंदकात एक नवा, घाबरलेला शिपाई येतो. त्याचे पाय सुजलेले. ज्याचा पायमोजा पूर्वी सोडवला गेला होता तो मागे सरकून जागा करतो, डबा शोधतो, पाणी कोमट करायला ठेवतो, आणि काही न बोलता त्याच्या पायाशी बसतो.

"थांब," काकू म्हणाल्या.

पंढरी थांबला.

"यानं तरी तेल लावलं का रे?"

पंढरीनं ओळींवर बोट फिरवलं, पान उलटून पाहिलं. "नाही काकू. तेल नाही लिह्यलं."

"नाही तं नाही," काकूंनी डोळे पुसले. "आहे तेवढंच वाचत जाय." मग त्या पुढे आल्या, पंढरीच्या हातातून बांबूची चोय घेतली, स्वतःच्या हातानं त्या पानात घातली, आणि पुस्तक मिटून विचारलं, "उद्या कधी बसतं?"